दिसतंय तोवर

आमच्या घरातून कुणी परगावी निघालं की काकू आधी केरसुणी उचलायची आणि कोठीच्या दाराआड उभी करून ठेवायची. गेलेलं माणूस मुक्कामी पोचलं, त्याचा तसा फोन आला, की मगच केर काढायचा, असा आईचा नियम होता. काकू म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. आईचा शब्द तिच्याइतका कुणी पाळत नसे आणि त्यावरून आईला तिच्याइतकं कुणी चिडवतही नसे. आईचा दुसरा नियम याहून कडक होता. निरोप द्यायला जो दारात उभा राहिला, त्यानं जाणारं माणूस दिसेनासं होईपर्यंत पाठ फिरवायची नाही. पाहुण्यांची रिक्षा बोळाच्या तोंडाशी अडकली, समोरून सुताच्या गठ्ठ्यांचा हातगाडा आला, दोन्हीकडून आरडाओरडा सुरू झाला, तरी आई आपली हात वर करून उभी. आतून काकू ओरडायची, "अक्का, दूध चाललं उतू!" आणि आई मान न वळवता म्हणायची, "मग बघ की तू. मी निरोप द्यायलीय न्हवं?" शेवटी पाहुण्यांनाच अवघडल्यासारखं व्हायचं आणि एखादा रिक्षातून उतरून परत एकदा पाया पडून जायचा.

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या त्या घरात खाली अण्णांचं रंगाचं दुकान होतं आणि वर आम्ही राहायचो. अण्णा म्हणजे माझे वडील. दुकानात रंग घुसळायचं एक मशीन होतं. त्यात डबा आवळून बटण दाबलं की ते असं काही थडथडायचं की वर स्वयंपाकघरातल्या पातेल्यांची झाकणं वाजायची, विरजण लावलेलं दही कधीच नीट लागायचं नाही आणि पाटावर बसलेल्याला पायांच्या तळव्यांत गुदगुल्या व्हायच्या. आम्हाला त्या थडथडीचं काही वाटत नसे. उलट रविवारी दुपारी दुकान बंद झालं की घर एकदम गप्प व्हायचं आणि आई म्हणायची, "कसं भकास वाटायलंय." आमच्या भाकरीला टर्पेंटाइनचा वास येतो असं पाहुणे म्हणायचे. आम्हाला तो कधीच आला नाही. दुकानात वाढल्यामुळे मला नुसतं गुलाबी किंवा नुसतं निळं असं काही दिसायचंच नाही. शेजारचा सिद्धू मला चोरून बघायचा तेव्हा लाजून नेमका कुठल्या शेडचा होतो हे मी काकूला नावानिशी सांगायचे, आणि मग आम्ही दोघी पोट धरून हसायचो. तो आता दोन पोरांचा बाप झालाय आणि अजूनही त्याच शेडचा होतो.

त्या वर्षी रंगाच्या कंपनीनं डीलरांसाठी स्कीम काढली होती. गच्चीवर मारायचा गळतीचा रंग जो जास्त खपवेल त्याला मुंबईहून जहाजाची सफर, दोघांसाठी. अण्णांनी तो खपवला असं म्हणण्यापेक्षा देवानं खपवला, कारण त्या पावसाळ्यात अर्ध्या सोलापूरचे स्लॅब गळत होते. बक्षीस लागल्याचा फोन आला त्या दिवशी आईनं शिरा केला, आणि संध्याकाळपर्यंत बोळातल्या सगळ्यांना कळलं की सुवर्णाची आई जहाजात बसणार. सुवर्णा म्हणजे मी. बारावी नुकतीच झालेली, पुण्याच्या कॉलेजाचं नाव काढलं की घरात सगळ्यांना अचानक काहीतरी काम आठवायचं, असे माझे दिवस होते.

जहाजाची तारीख नेमकी दिवाळीच्या तोंडावरची निघाली. रंगाच्या दुकानाला वर्षभराची भाकरी त्या तीन आठवड्यांत मिळते. अण्णांनी जेवताना, ताटाकडे बघत सांगून टाकलं, "मला काय जमत न्हाय. तू पोरीला घिऊन जा." मला ताटावरून उठून नाचावंसं वाटलं, पण आईचा चेहरा बघून मी भाकरीच मोडत बसले. आईनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "जहाजावर नका येऊ. पण मला सोडाय तरी या."

"सोडाय काय यायचं? रिक्षा हाय, गाडी हाय."

"लगीन होऊन दुधनीहून आले तवापास्नं मी ह्या दारात उभी हाय," आई म्हणाली. "तुमी कंपनीच्या मीटिंगला गेला, मी उभी. नणंदा गेल्या, मी उभी. मी माहेराला जाताना तुमी कवा गल्ल्यावरनं मान तरी वर केली का? मला समुद्र बघायची एवढी हौस न्हाय बघा. मला एकदा निरोप घ्यायचाय. मी दिसंनाशी हुईपर्यंत तुमी उभं ऱ्हायचं. बास."

अण्णा म्हणाले, "बघू." आमच्या घरात बघू म्हणजे नाही, हे मांजरालासुद्धा माहीत होतं.

दुसरी अडचण काकूनं काढली. जहाज नेमकं कुठं पोचणार? तोवर हा प्रश्न कुणाला सुचलाच नव्हता. मी कंपनीच्या ऑफिसात फोन लावला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, मॅडम, जहाज कुठेच जात नाही, समुद्रात फिरून मुंबईलाच परत येतं. मी हे सांगितलं तेव्हा काकू तिखटाचा हात तसाच वर धरून उभी राहिली. "मग पोचल्याचा फोन कवा करणार तुमी?" आई विचारात पडली. मुंबईला पोचणं म्हणजे काही जहाजाचं पोचणं नव्हे. आणि समुद्रात फोन लागत नाही. शेवटी तिनंच निकाल दिला, की आम्ही परत घरात पाय ठेवू तेव्हा पोचलो असं धरायचं. "अय्यय्यो शिवने!" काकू म्हणाली. "म्हंजी तवर घरात केर? त्यात दिवाळीचं दुकान! अक्का, तुमी जहाजात मजा करणार आणि आमी हितं उकिरड्यात बसणार व्हय?" आई म्हणाली, "मग केर करू नका, म्हंजी काढाय नको." पुढचे चार दिवस दोघी कडक भाकऱ्या भाजत होत्या आणि एकमेकींना टोमणे मारत होत्या. शेंगाची चटणी कुटताना काकू उखळात मुद्दाम जोरात मुसळ हाणायची आणि म्हणायची, "हा घाव तुमच्या जहाजाला."

निघायच्या वेळी दुकानात एक कंत्राटदार येऊन बसला होता, लग्नघराचा रंग घेऊन जाण्याच्या घाईत. मशीन थडथडत होतं. आईनं जरीकाठाची साडी नेसली होती, काकूनं तिच्या हातावर दही-साखर घातली होती. आई दुकानासमोर रिक्षात बसली आणि तिनं आत बघितलं. अण्णांनी डब्यावरची नजर न काढता उजवा हात जरासा वर केला. तो निरोप होता की कंत्राटदाराला थांबायची खूण होती, हे मला आजही सांगता येणार नाही. रिक्षा वळेपर्यंत काकू हात हलवत राहिली, आणि आई रिक्षाच्या मागच्या बारीक काचेतून दुकानाकडे बघत राहिली. गाडीत बसल्यावर ती मला म्हणाली, "बघितलंस? एवढंसुदिक न्हाय." मग ती खिडकीकडे तोंड करून झोपली. मला तिचं वाईट वाटत होतं, पण खोटं कशाला सांगू, मला उद्याच्या जहाजानं इतकं वेड लावलं होतं की ते वाईट वाटणं फार वेळ टिकलं नाही.

बंदराच्या फाटकातून आत गेलो तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं समोर नवीन हॉस्पिटल बांधलंय. मग त्या हॉस्पिटलच्या खाली पाणी दिसलं. आईनं मान मागं टाकून, पदर डोक्यावरून घसरला तरी न सावरता, खालपासून वरपर्यंत बघितलं आणि पहिलं वाक्य काय बोलली असेल? "किती लिटर लागला असंल गं?" आम्ही दोघी तिथंच उन्हात उभ्या राहून हिशेब करायला लागलो. एका मजल्याला इतका, दोन हात, शिवाय प्रायमर. आकडा इतका मोठा झाला की मला हसू आवरेना. "एवढं एक गिऱ्हाईक आलं ना," आई म्हणाली, "तर तुझे अण्णा दुकान इकून आळंदीला जातील."

मागून कुणीतरी म्हणालं, "वैनी, पांढरा कुठला वाटतोय? मी म्हणतो आपला नव्हं ह्यो." बघितलं तर अकलूजचे माने. तेही डीलर, तेही बक्षीसवाले. बरोबर बायको, डोक्यावर आजच घेतलेली हॅट आणि गळ्यात आजच घेतलेली दुर्बीण. मानेकाकूंनी आल्या आल्या मला सांगितलं की दुर्बिणीतून त्यांनी आतापर्यंत स्वतःच्या नवऱ्याच्या नाकाशिवाय काहीही बघितलेलं नाही, कारण ते ती उलटीच धरतात. पाचच मिनिटांत आमचं गोत जमलं.

आईनं पिशवीत नारळ आणला होता. नव्या गाडीपुढे फोडतात तसा जहाजापुढे फोडायला. तपासणीच्या मशीनवर बसलेल्या माणसाला पडद्यावर तो गोल दिसला आणि तो दचकून उठून उभाच राहिला. नारळ आत नेता येणार नाही म्हणाला. आईनं त्याच्याशी हुज्जत घातली नाही. ती रांगेतून उलटी बाहेर गेली, फाटकाबाहेरच्या दगडी कट्ट्यावर एका फटक्यात नारळ फोडला, जहाजाच्या दिशेनं पाणी शिंपडलं आणि तुकडे करून सगळ्या रांगेला वाटत परत आली. शेवटचा तुकडा तिनं त्या तपासणीवाल्याच्याच हातावर ठेवला. तो बावरून इकडेतिकडे बघत होता, पण खाल्ला त्यानं. कडक भाकऱ्यांचं गाठोडं त्यानं मग उघडूनसुद्धा बघितलं नाही.

आत गेल्यावर काय काय झालं ते मला ओळीनं सांगता येत नाही, कारण मी नुसती पळत होते. काचेच्या लिफ्टमधून वर गेले, जिन्यानं खाली आले, परत लिफ्टनं वर गेले. आरशाच्या भिंती, पायाखाली मऊ गालिचा, कुठंतरी पियानो, आणि कुणीही विचारत नाही की कुठं चाललीस. आमच्या खोलीत पलंगावर टॉवेलचा हत्ती करून ठेवला होता. आईनं तो उचलून, उलगडून, हातात चोळून बघितला, "आपल्याकडचाच दिसतोय," असं म्हणाली आणि तो परत हत्ती होईना म्हणून दार लावून घेतलं. मग एकाएकी ती गप्प उभी राहिली. "सुवे, पाय बघ." मी उभी राहिले. तळव्यांत बारीक गुदगुल्या होत होत्या. खाली कुठंतरी इंजिन सुरू झालं होतं. "आपल्या मशिनगत," आई म्हणाली आणि आदल्या रात्रीपासून पहिल्यांदा मनापासून हसली.

मग सगळ्यांना केशरी जॅकेटं घालून कवायतीला उभं केलं. बुडालो तर काय करायचं ते दोन पोरं हातवारे करून दाखवत होती आणि लोक त्यांचेच फोटो काढत होते. मानेकाकांनी जॅकेट हॅटवरून घालायचा प्रयत्न केला आणि दोन्हींत अडकले. त्यांना सोडवेपर्यंत त्यांची बायको हसून हसून खाली बसली. आईनं कवायत संपल्यावरही जॅकेट काढलं नाही. साडीवर उठून दिसतंय म्हणाली. आणि त्या जॅकेटासकट आम्ही सगळ्यात वरच्या डेकवर गेलो.

वर नुसता धिंगाणा होता. ऊन कलतं झालेलं, कर्ण्यांतून गाणी, रंगीत कपड्यातली नाचणारी मुलं-मुली, पोहण्याच्या हौदात कपड्यांसकट उडी मारलेला एक मारवाडी मुलगा आणि त्याला शिव्या घालणारी त्याची आई. खाली धक्क्यावर दोन माणसांनी खुंट्यावरून मनगटाएवढे दोर काढले आणि ते पाण्यात सोडून दिले. कुणालाही कळण्याआधी जहाज आणि जमीन यांच्यामध्ये पाण्याची एक बारीक रेघ दिसायला लागली. हातभर, मग गल्लीएवढी, मग रस्त्याएवढी. दोन बुटक्या बोटी एवढ्या मोठ्या धुडाला ओढत होत्या. आणि मग भोंगा झाला. तो कानानं ऐकायचा आवाज नव्हताच, पोटातून वर आला. सगळा डेक एका दमात ओरडला, मीही ओरडले, का ते विचारू नका. आई कानांवर हात ठेवून ओरडत होती, "गिरणीचा भोंगा! लगीन होऊन आले तवा असाच व्हायचा!" मी हात हलवायला लागले. सगळेच हलवत होते. त्या दोरवाल्या माणसांना, रिकाम्या धक्क्याला, क्रेनना, कावळ्यांना.

आई मात्र कठड्याला धरून नुसती उभी होती. "हलव की हात!" मी म्हणाले.

"कुणाला हलवू?" ती म्हणाली. "हितं कोण हाय आपलं? आलं का कोण?" त्या केशरी जॅकेटात ती एकदम लहान दिसायला लागली. एवढं मोठं जहाज तिच्यासाठी सुटलं होतं आणि तिला हवं ते माणूस कंत्राटदाराचा रंग ढवळत बसलं होतं. मला त्या क्षणी अण्णांचा इतका राग आला की मी मनातल्या मनात दुकानाचं शटर खाली ओढलं.

तेवढ्यात आईच्या पिशवीतला फोन वाजला. गाण्यांच्या गोंगाटात तो तिला ऐकूच आला नाही, मी काढून तिच्या कानाला लावला आणि स्पीकर चालू केला.

"कुटल्या अंगाला हाईस?" अण्णांचा आवाज. "डाव्या का उजव्या?"

"काय?" आई ओरडली.

"जहाजाच्या कुटल्या अंगाला उभी हाईस? मी गेटवेपाशी हाय. सकाळच्या गाडीनं आलो. आत सोडत न्हाईत म्हणले, मग टॅक्सीवाल्यानं हितं आणून सोडलं. आलं बघ, आलं, दिसलं मला जहाज. पांढरं."

आईनं माझ्याकडे बघितलं. तिचा विश्वासच बसत नव्हता. "अहो, आणि दुकान?"

"बंद."

दिवाळीच्या तोंडावर दुकान बंद. मी तिला धरून डेकच्या शहराकडच्या बाजूला पळाले. वाटेत नाचणाऱ्यांची रांग होती, ती आम्ही मोडली. माने जोडपंही काय झालं काय झालं करत मागून आलं. दूर तो दगडी दरवाजा दिसत होता, त्याच्या पायाशी माणसांची काळी रेघ. "अहो, हितं लई माणसं हैत, तुमी कुटं हाय?" आई फोनवर ओरडली.

"थांब, उघडतो."

आणि त्या काळ्या रेघेत एक रंगीत ठिपका उमलला. आमच्या दुकानाची छत्री! कंपनीनं डीलरांना दिलेली, प्रत्येक पाकळी वेगळ्या रंगाची, मधे कंपनीचं नाव असलेली भलीमोठी छत्री. आभाळात ढग नाही, पावसाचा पत्ता नाही, आणि सबंध किनाऱ्यावर एकाच माणसानं छत्री उघडली होती. मागून ऊन येत होतं त्यामुळे ती पेटल्यागत दिसत होती. "आवं आपलीच छत्री की!" मानेकाका दुर्बिणीतून बघत किंचाळले. या वेळी त्यांनी ती सुलट धरली होती. "हलीवत्यात! जोरजोरानं हलीवत्यात!"

मग आईनं हात हलवला. हात कसला, ती सगळीच हलत होती. जॅकेट वरखाली उडत होतं, बांगड्या वाजत होत्या, "आवो! आवो! हितं!" असं ती ओरडत होती आणि रडत होती आणि मला गुद्दे घालत होती. आजूबाजूच्या लोकांना कळलं तसे तेही त्या छत्रीला हात करायला लागले. शंभरेक अनोळखी माणसं माझ्या अण्णांना निरोप देत होती. फोनवर अण्णांचं चालूच होतं, "पाण्याच्या जरा वर बघ, गंज धरलाय. प्रायमर नीट मारला न्हाय. सांग त्यांना." मी आयुष्यात पुढे पुष्कळ प्रेमाची भाषणं ऐकली, त्यांतलं एकही मला याच्याजवळ जाणारं वाटत नाही.

हळूहळू ठिपका लहान झाला. सूर्य इमारतींमागे गेला. आई म्हणाली, "आता निघा तुमी. गाडी चुकंल."

"दिसतंय की अजून," अण्णा म्हणाले आणि फोन तुटला. परत लागला नाही.

इथून खरी पंचाईत सुरू झाली. जहाज दिसतंय तोवर अण्णा हलणार नाहीत, कारण नियम आईचा. आणि अण्णा उभे आहेत तोवर आई आत जाणार नाही. खाली जेवणं सुरू झाल्याची घोषणा झाली, मानेकाकूंनी तीनदा बोलावलं, आई कठडा सोडायला तयार नाही. "ते थितं उपाशी उभे आणि मी आत जाऊन जेवू? बेड बाई, मला नको." फार जिवावर आलं की तिच्या तोंडात माहेरची कानडी यायची. आणि अशात जहाजावरचे दिवे लागले. या टोकापासून त्या टोकापर्यंत, माळाच्या माळा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईनं कपाळावर हात मारला. "अगं ह्यांनी दिवे कशाला लावले! आता तर रातभर दिसंल जहाज! हे काय घरी जात न्हाईत मग!"

ट्रे घेऊन चाललेल्या एका कर्मचारी मुलीला तिनं हाताला धरून थांबवलं. "बाळ, जरा दिवे बंद कराय सांग की. थोडा वेळच. आमचे हे तिकडं उभे हैत." मुलीला ओ की ठो कळलं नाही. मी हिंदीतून सगळं समजावलं, आमच्या घरचा नियम, छत्री, दुकान, सगळं. ती मुलगी ट्रे खाली ठेवून हसली, मग गंभीर चेहरा करून विचारून येते म्हणाली. आणि खरंच आली. कॅप्टनसाहेबांनी निरोप पाठवला होता की चालत्या जहाजाचे दिवे घालवायला कायदा परवानगी देत नाही, त्याबद्दल क्षमस्व, आणि तुमच्या आईंसाठी आइस्क्रीम. आईनं आइस्क्रीम घेतलं, पण कठड्यापाशीच उभ्यानं खाल्लं.

शेवटी सुटका केली ती मानेकाकांनी. दुर्बीण डोळ्यांना लावून ते किनाऱ्यावरचा उरलासुरला उजेड धुंडाळत होते. "वैनी! छत्री चालली!" ते ओरडले. "गेटवे सोडला त्यांनी. डावीकडं चालली बघा, चांगली झपाझपा. निघालं पाव्हणं!" आईनं दुर्बीण घेतली, तिला काही दिसलं नाही, तरी ती म्हणाली, "व्हय, चालली." तिनं मोठा श्वास सोडला. "गेले बाई. आता मिळंल गाडी." आणि मग माझ्या आईनं, जिनं बोळातल्या वरातीतसुद्धा कधी पाऊल उचललं नव्हतं तिनं, मानेकाकूंचा हात धरला आणि त्या नाचणाऱ्यांच्या रांगेत घुसली. जॅकेटासकट. मी तिचे इतके फोटो काढले की फोन भरला. पुढच्या दोन दिवसांत समुद्र, माशांच्या उड्या, जादूचे प्रयोग, पास्त्याबरोबर शेंगाची चटणी खाणारे माने, असं खूप काही झालं, पण जहाजाचं सुटणं म्हणजे ती संध्याकाळ. माझ्यापुरतं ते जहाज एकदाच सुटलं.

अण्णा का आले, हे काकूनं मला नंतर सांगितलं. आम्ही निघालो त्या रात्री अण्णा दुकान बंद करून वर आले. जेवायला बसले. पायाखाली कचकच लागली. म्हणाले, केर का काढला न्हाय? काकू म्हणाली, "अक्का गेल्यात न्हवं." अण्णा म्हणाले, "कवा गेली?" "तुमी डबा घुसळत होता तवा," काकूनं सांगितलं. "भावजी, ती बाई रिक्षातनं मागं बघत होती. तुमची हाय का पद्धत कवा बघायची?" अण्णांनी ताटातली भाकरी संपवली आणि उठले. पहाटे काकू उठली तर दुकानाला कुलूप आणि कोपऱ्यातली छत्री गायब. रात्रभर विचार केला असेल की पहाटेच सुचलं असेल, देव जाणे. माझ्या अण्णांनी आपलं मन कुणाला कधी उघडून दाखवलं नाही. पुढच्याच वर्षी मी पुण्याला निघाले, तेव्हा भर उन्हात ते स्टँडवर तीच छत्री उघडून उभे होते आणि बसमधल्या मुली हसत होत्या. ती छत्री आता माझ्याकडे आहे. दोन काड्या मोडल्यात, पिवळी पाकळी विरलीय.

आम्ही परतलो तेव्हा सकाळची वेळ होती. मशीन थडथडत होतं. दुकानात कागदाचे कपटे, रंगाची भुकटी, सुतळ्या, वाळलेले पुट्टीचे खडे, असा सगळा संसार जमिनीवर पसरला होता, आणि जिन्याच्या तळाशी काकू केरसुणी हातात घेऊन, धावायच्या शर्यतीत उभं राहावं तशी उभी होती. गल्ल्यावरच्या अण्णांनी मान वर केली. एवढंच, पण केली. आईनं पिशवी खाली ठेवली.

"रातची गाडी मिळाली का हो त्या दिशी?"

"न्हाय. चुकली. दुसऱ्या दिशी आलो."

"का? गेटवेवरनं तर निघाला होता तुमी. माने भावजींनी बघितलं की. छत्री चालत होती."

अण्णांनी मशीन बंद केलं. घर एकदम गप्प झालं. "गाडीला कुटं चाललो होतो?" ते डब्याचं झाकण पुसत म्हणाले. "थितनं दिसंनासं व्हाय लागलं, म्हणून कडंकडंनं पुढं चालत गेलो. पुढनं परत दिसाय लागलं. दिवे लावले होते नव्हं, लई लांबवर दिसत होतं. मग एका पहारेकऱ्यानं अडीवलं. पुढं जाऊ देईना. मग थितंच थांबलो."

"कवापतूर?"

"दिसतंय तोवर."

आईनं चप्पल काढली, उंबरा ओलांडून आत आली आणि त्या सगळ्या केरात मधोमध उभी राहिली.

"झाड गं आता," ती काकूला म्हणाली. "पोचले मी."